४९९ रुपयांचं ‘वारसा नावं’ पॅकेज घ्यावं का? आमचा रिव्ह्यू (ठ अक्षर निघालेल्यांनी तर नक्की वाचा)

भावाला मुलगी झाली आणि आमच्याकडे वऱ्हाडात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, त्यामुळे वहिनी दवाखान्यातून घरी यायच्या आधीच फोन सुरू झाले, काय ठरवलं, अक्षर काय निघालं, जरा हटके ठेव बरं का. त्यात भाऊ पुण्याला कंपनीत, त्याला कुठेतरी जाहिरात दिसली की बाळाची वेळ आणि ठिकाण पाठवा, आम्ही ‘अर्थपूर्ण, वारसा जपणारी’ नावं काढून देतो, साधं पॅकेज १९९ आणि वारसा पॅकेज ४९९. मी म्हटलं कशाला, पण त्यानं पैसे भरून टाकले आणि पुढचं सगळं माझ्या गळ्यात घातलं. सेवेचं नाव मी लिहित नाही, कारण अशा डझनभर आहेत आणि नमुना सगळ्यांचा सारखाच दिसतो, मैत्रिणीनं दुसरीकडून घेतलेली पीडीएफ पाहिली तर रंग वेगळा, माल तोच.

आधी ऑर्डरचं सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म येतो, जन्मवेळ, जन्मगाव, आई-बाबांची नावं, ‘आवडता प्रकार’ निवडा: वैदिक, पौराणिक, रॉयल, मॉडर्न. जन्मगावाच्या यादीत दर्यापूर नाही, अमरावती टाकावं लागलं, तेवढ्यानं काही बिघडत नाही म्हणा, पण ज्यांचं दुकानच जन्मवेळ आणि ठिकाणावर चालतं त्यांच्याकडे तालुक्याची गावं नसावी हे अजब आहे. ‘तुमच्या घराण्यातली जुनी नावं कोणती’ असा एकही रकाना नाही. वारसा पॅकेज आहे बरं का हे.

पीडीएफ वेळेवर आली, हे खरं. दिसायलाही छान, मोराची बॉर्डर, मधे बाळकृष्ण. हस्त नक्षत्र, चौथा चरण, कन्या रास, अक्षर ‘ठ’. हा हिशोब बरोबर आहे, गावातल्या महाराजांकडून पडताळून घेतला. हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. म्हणजे एक सोडलं तर बाकी तिन्हींत मराठी माणसानं करायचं काय. ण वरून सुरू होणारं नाव मी तरी जन्मात ऐकलं नाही.

आणि इथंच या सेवेची खरी परीक्षा होती. प्रामाणिक माणूस म्हणाला असता की ताई, ठ वरून चांगली नावं मिळणं कठीण आहे, ही दुसरी वाट घ्या. यांनी काय केलं, ठ ची यादी बनवून दिली. ठनिष्का, म्हणजे सुवर्णदेवी. ठाविका, म्हणजे स्थिर बुद्धीची. ठियारा, म्हणजे मुकुट. तनिष्का मधला त काढून ठ बसवलाय हे शेंबडं पोरगंही सांगेल. मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि ती शेंगा फोडून राहिली होती, ठियारा ऐकल्यावर हात थांबले तिचे. म्हणे, “काय वं, हे नाव हाये का पावडरचा डब्बा? ठ चं नाव पायजे त ठमी ठेव, ठकी ठेव. आमच्या टायमाले घरोघरी ठमाबाई व्हत्या.” आणि ते खरंच आहे की! ठमाबाई, ठकूबाई ही आपल्याकडची अस्सल ठ ची नावं, दोन-तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रभर होती. वारसा पॅकेजमध्ये ही दोन नावं नाहीत आणि ठियारा आहे. आता ठमा नाव आज कुणी ठेवणार नाही, मीही ठेवलं नसतं, शाळेत पोरं जगू देणार नाहीत, पण निदान यादीत टाका, वाचणाऱ्याला कळू तर द्या.

पुढचा भाग ‘अर्थ’. प्रत्येक नावासमोर अर्थ दिलाय आणि अर्थ कुठून घेतला ते कुठेच नाही. ठ आवडलं नाही तर म्हणून दिलेल्या मॉडर्न यादीत कियारा समोर ‘देवाची देणगी, संस्कृत’. अहो ते इटालियन कियारा, अर्थ लख्ख, उजळ. मायरा समोर ‘प्रिय, वैदिक’. मायरा इंग्रजी कवितेतून आलेलं नाव आहे. मुलाच्या यादीत (मुलगी झाली सांगूनही मुलांची यादी जोडलेली होती, असो) रेयांश म्हणजे सूर्यकिरणाचा अंश. अंश ठीक आहे, पण किरण या अर्थाचा ‘रेय’ मला एकाही संस्कृत कोशात सापडला नाही, बहुतेक इंग्रजी ‘रे’ लाच धोतर नेसवलंय. ही नावं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, माझ्या मावसबहिणीची पोरगी मायरा आहे आणि लय गोड आहे. ज्याला ऐकायला आवडलं त्यानं खुशाल ठेवावं, पण ४९९ घेऊन त्याच्यावर ‘वैदिक’ शिक्का मारू नये एवढंच. संस्कृतचे कोश नेटवर फुकट आहेत, शब्द टाकला की येतो, मला मोबाइलवर जमलं तर यांना न जमायला काय झालं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘विदर्भ विशेष’ नावाच्या पानाचा. जाहिरातीत हेच दाखवून पैसे घेतले होते, तुमच्या मातीतली नावं वगैरे. त्या पानावर रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा अशी तीनच नावं, आणि लोपामुद्रासमोर फक्त ‘अगस्ती ऋषींची पत्नी’. संपलं. लोपामुद्रा ही कथेप्रमाणे विदर्भाची राजकन्या आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १७९ व्या सूक्तातल्या पहिल्या दोन ऋचा तिच्या नावावर आहेत, म्हणजे स्वतः ऋचा म्हणणारी बाई, आणि तुम्ही तिला नुसती बायको करून ठेवलं. रुक्मिणीसमोर कौंडण्यपूर हा शब्द नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे, तिथून दर आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, इथल्या बायका त्याला रुक्मिणीचं माहेर म्हणतात, आणि पीडीएफ लिहिणाऱ्याला पत्ता नाही.

आता बसल्या बसल्या काय काय देता आलं असतं बघा, हे मी कुठली इतिहासाची प्राध्यापक नाही, साधी अंगणवाडीत काम करणारी बाई आहे. प्रभावती: दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावानं हिनंच राज्य चालवलं, राजधानी नंदिवर्धन म्हणजे आपल्या रामटेकजवळचं नगरधन, आणि तिचा एक ताम्रपट रिद्धपूरला सापडलेला आहे. त्याच रिद्धपूरला राहिलेली महदाइसा, तेराव्या शतकातली, जिला आद्य मराठी कवयित्री म्हणतात, तिनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायले ते परत रुक्मिणीच्याच लग्नाचे. महदाइसा नाव आज जड वाटेल पण त्या महानुभाव मंडळीतली उमाइसा, हिराइसा ही नावं काय वाईट आहेत? हिराई: चांदागडची गोंड राणी, नवरा वीरशाहची समाधी बांधणारी, चंद्रपूरच्या महाकाली देवळाशी जिचं नाव जोडलेलं आहे. हिराई हे नाव मला इतकं आवडलं होतं की दोन दिवस घरात मी तेच रेटत होते, वहिनीच्या माहेरी एक हिराबाई आहे आणि तिचं नि वहिनीच्या आईचं बांधावरून जमत नाही म्हणून ते पडलं. जिजा, जिजाऊ तर आहेच, १५९८ चा जन्म, बुलडाण्यातलं सिंदखेडराजा. ते यांनी ‘रॉयल’ मध्ये टाकलंय, विदर्भ विशेषमध्ये नाही.

नद्या तर डोक्यातच आल्या नाहीत यांच्या. वर्धा, पूर्णा, वैनगंगा, प्राणहिता, अरुणावती, इंद्रावती, काटेपूर्णा. प्राणहिता हे नाव किती सुंदर आहे! दर्यापूरला तर चंद्रभागाच वाहते. (शकुंतला कुणी सुचवू नका, ते सुचवून झालं, आमच्याकडे शकुंतला म्हटलं की लोकांना मूर्तिजापूर-अचलपूरची ती छोटी रेल्वेच आठवते, आणि ती बंद पडलेली. वहिनी म्हणाली माझी पोरगी बंद गाडी नाही.)

अजून एक गोष्ट. फॉर्ममध्ये ते चार प्रकार आहेत ना वैदिक, पौराणिक, रॉयल, मॉडर्न, त्यात बौद्ध नाही, आदिवासी नाही, संतांचं नाही. नागपूर ज्यांच्यापासून तीन-चार तासांवर आहे अशा लोकांना तुम्ही ‘वारसा’ विकता आणि दीक्षाभूमी विसरता? आमच्या शाळेतल्या मॅडमना मी ही पीडीएफ दाखवली तर त्या हसल्या. त्यांच्या पणजोबांचं नाव उकर्डा, चुलतपणजोबा धोंडू, लेकरं जगत नव्हती म्हणून उकिरड्यावर लोळवून ठेवलेली नावं, आणि काही नावं तर वरच्या लोकांनी हिणवायला पाडलेली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जन्मलेल्या त्यांच्या घरातल्या पोरांची नावं गौतम, सिद्धार्थ, यशोधरा, संघमित्रा, सुजाता. मॅडम म्हणे, आमच्या घरात जुनं नाव जपायचं नसते ताई, आमच्या बापजाद्यांनी ते मुद्दाम टाकलं, तेच सांभाळायचं असते. मला हे आधी असं कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे ‘घरातलं जुनं ते सोनं’ हा नियम पण सरसकट चालत नाही, आणि हे कुठल्या सॉफ्टवेअरला कसं कळणार, त्याला माणसाला विचारावं लागते. तिकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे तर जंगो, लिंगो ही दैवतांची नावं आहेत, तो आणखी वेगळाच खजिना.

अंकशास्त्राचा भाग मी वाचलाच नाही नीट. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जादा टाकला की भाग्य उजळेल म्हणे. भाग्याचं माहीत नाही, पण जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं, हे झालं की सेतू केंद्राच्या चकरा नक्की उजळतात, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. स्पेलिंग साधं ठेवा बापा.

अजून एक जे त्यांनी सांगायला पाहिजे होतं आणि उलट घाबरवलं: मेसेजवर मेसेज, ‘१२ दिवसांत नाव निश्चित करा, शुभ मुहूर्त चुकवू नका, प्रीमियम घ्या’. बारसं बाराव्या दिवशी करा नाहीतर सव्वा महिन्यानं, तो तुमचा प्रश्न, पण कायद्यानं काही घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, ती दवाखान्यातूनच होते किंवा ग्रामपंचायतीत, आणि ती बिननावाची चालते. नाव नंतर एका वर्षाच्या आत फुकट टाकून मिळते, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत लेट फी भरून टाकता येते. फक्त फार लांबवू नका कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितात. म्हणून नाव ठरवताना आईच्या नावासोबत मोठ्यानं म्हणून बघा. आम्ही म्हणून बघितलं तेव्हा दोन नावं तिथंच गळाली, ऐकायला एका माणसाची नाही, दोघी बहिणींची हजेरी घेतल्यासारखी वाटत होती.

मग आम्ही नाव काढलं कसं, तर घरातूनच, आणि यात वेळ गेला पण पैसे जवळजवळ लागले नाही. ज्यांना खरंच घराण्यातलं नाव पाहिजे त्यांच्यासाठी लिहिते. पहिल्यांदा मी तहसीलमधून जुन्या कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल काढली, कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा, आणि २०२३ मध्ये शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधापासून बऱ्याच जिल्ह्यांनी अशी रजिस्टरं स्कॅन करून वेबसाइटवर पण टाकलीत, तिथं आधी बघा. नक्कल हातात आली आणि अर्धा उत्साह गेला. आमच्या पणजोबाचं नाव वल्द अमुक, जात, गाव, तारीख, सगळं आहे, आणि जन्मलेल्या लेकराच्या रकान्यात फक्त ‘मुलगी’. त्याच्या खाली परत ‘मुलगी’. नावच नाही! जन्मल्या दिवशी नोंद करायची, नाव ठेवलेलंच नसायचं, आणि नंतर कोण लिहितो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबा सापडले पण त्यांच्या बहिणी शाळेतच गेल्या नव्हत्या. बायकांची नावं पाहिजे असतील तर जमिनीचे जुने फेरफार काढा, माणूस वारला की वारस म्हणून बायकोचं आणि पोरींचं नाव चढते, तिथं सापडतात. म्हणजे आमच्या बायका सरकारी कागदावर पहिल्यांदा येतात त्या विधवा म्हणून, काय बोलावं.

आजीला विचारलं तुझ्या सासूचं नाव काय, तर तिला आठवेना. “आमी त मायच म्हनो तिले, नाव कोन घेते सासूचं? तुहा आजा बी माय म्हने.” मग तीच म्हणाली माळ्यावरचा गुंड काढ. पितळेचा मोठा गुंड, पाणी भरायचा, वर्षानुवर्षं त्याच्यात तुरीच्या बियाण्याच्या रिकाम्या थैल्या कोंबलेल्या. पार काळा पडलेला. चिंच लावून घासला, वहिनी खुर्चीवर बाळाला घेऊन बघत बसलेली, गळ्याच्या खाली टोच्यानं ठोकलेले ठिपके दिसायला लागले, आधी ‘बाई’ वाचता आलं, मग त्याच्या आधीचं. पुर्णाबाई. पू ऱ्हस्व काढलाय कारागिरानं, त्याला कोण विचारते. खाली माहेरच्या गावाचं नाव आणि मामाचं, म्हणजे लग्नात मामानं दिलेलं भांडं. तुमच्याही घरी असेल बघा, कोपर, गंगाळ, गुंड, पराती, मोडीत घालायच्या आधी उलटून पाहा, आमच्याकडच्या बायकांची नावं कागदावर नाही राहिली पण भांड्यांवर राहिली.

आणि पूर्णा ही आमची नदी पण आहे, चंद्रभागा जाऊन तिलाच मिळते, आमचं खारपाणपट्ट्याचं सगळं खोरं तिचंच. नाव छोटं, लिहायला सोपं, इंग्रजीत पण फार घोळ नाही. वहिनीला एकदम आवडलं, भावानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं की अक्षराचं काय, महाराज ओरडतील. महाराजांना विचारलं तर ते म्हणाले हस्ताचं पहिलं अक्षर काय सांगितलं होतं मी? पू. नक्षत्र तेच, रास तीच, चरण तेवढा वेगळा, पत्रिकेत जन्मनाव ठ वरून लिहू आणि पाळण्यात पूर्णा ठेवा, अर्ध्या गावाची दोन नावं आहेत. (पत्रिकेतलं जन्मनाव ठमाच लिहिलंय, आजीच्या आग्रहानं, हे पोरीला मोठी झाल्यावर सांगू की नाही ते बघू.) मुद्दा असा की पू हे अक्षर पीडीएफवाल्यांनाही देता आलं असतं, एका ओळीचा सल्ला होता, ४९९ चं पॅकेज तिथंच वसूल झालं असतं. त्यांनी त्याऐवजी ठियारा दिलं.

कस्टमर केअरला मी हे सगळं लिहिलं, ठ ची नावं कोणत्या ग्रंथातून घेतली तेवढं विचारलं. मुलगी नम्र होती, त्याबद्दल तक्रार नाही, म्हणाली मॅडम आमची एक्स्पर्ट टीम आहे. ग्रंथाचं नाव सांगा म्हटलं तर ‘रिसर्चवर आधारित’. पैसे परत मागितले तर डिजिटल प्रॉडक्ट आहे, रिफंड नाही, पण पुढच्या बाळासाठी वीस टक्के सूट देऊ. वहिनीला अजून टाके आहेत, तिला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तर रेटिंग. नक्षत्र आणि अक्षराचा हिशोब बरोबर, वेळेवर डिलिव्हरी, बोलणं गोड, याचे दोन स्टार. अर्थ, वारसा, विदर्भ या तीन शब्दांवर पैसे घेतले आणि त्या तिन्हींत काही नाही, म्हणून बाकीचे तीन कापले. फक्त अक्षर पाहिजे असेल तर पंचांग असलेल्या कुणालाही विचारा, ते दक्षिणेत जे द्याल ते घेतात. फक्त नवीन ऐकायला गोड नावं पाहिजे असतील तर १९९ वाला घ्या, तीच यादी आहे, मी मैत्रिणीची ताडून पाहिली, ४९९ मध्ये मोराची बॉर्डर आणि ते विदर्भाचं अर्धं पान तेवढं जास्त. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस बोलतं-चालतं आहे त्यांनी तर काहीच घेऊ नका, फक्त दुपारी विचारू नका, दुपारी त्यांना काही आठवत नाही, संध्याकाळी चहा झाल्यावर विचारा आणि फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, आमच्या आजीनं एका बैठकीत सासरची-माहेरची इतकी नावं सांगितली, पारबता, शेवंता, कौतिका, गोपिका, मंजुळा, की आता चुलतभावाची बायको सातव्या महिन्यात आहे ती पण आमच्याकडेच वही मागून राहिली.